क्षमत्व म्हणजे केवळ पुष्टी नव्हे

कसाल परिसरातील भातखाचरांना करपा रोग नवा नाही. तो घडविणारी मॅग्नापोर्थे ओरायझी ही बुरशी केवळ बलाने आक्रमण करीत नाही. ती स्वतःची ओळख लपविते. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील कायटिन ओळखून रोप आपले संरक्षण उभारते. परंतु ‘एसएलपी-१’ हे प्रथिन स्रवून ही बुरशी कायटिनचे सुटे अंश बांधून ठेवते व रोपास शत्रूची चाहूल लागू देत नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. शिवाय नत्र अधिक दिलेले, हिरवेगार दिसणारे रोपच करप्यास अधिक बळी पडते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २८ व्या अध्यायात अतिकृशांप्रमाणेच अतिस्थूल शरीरेही व्याधी सहन करण्यास असमर्थ सांगितली आहेत. वनस्पती व मनुष्य यांची संरक्षणव्यवस्था एक नव्हे. तथापि पुष्टी म्हणजे क्षमत्व नव्हे, हा बोध दोन्हींकडून मिळतो.

म्हणून औषधनिर्मात्यांनी व विक्रेत्यांनी प्रत्येक पौष्टिक कल्पास ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ म्हणणे थांबवावे. वैद्यांनीही रुग्णाचे अग्नी, बल व स्थौल्य पाहूनच रसायनाची योजना करावी. सरसकट बृंहण ही चिकित्सा नव्हे.