लाखाची फी आणि ‘फुकटातलं’ सॉफ्टवेअर

मोठ्या साहेबलोकांना शिकवणाऱ्या व्यवस्थापन संस्थांचं मला एक कळत नाही. आठवड्याभराच्या अभ्यासक्रमाला काही ठिकाणी माणशी लाखावर फी घेतात, नेतृत्व आणि दूरदृष्टी शिकवतात, आणि स्वतःचं शिकवण्याचं सामान मात्र दुसऱ्याच्या कुलपात ठेवतात. वर त्याचं भाडं भरतात!

नात्यातले एक जण अशाच संस्थेत आहेत. मी त्यांना ‘मूडल’ वापरून बघा म्हटलं, तर म्हणाले, "काका, आमच्याकडे डायरेक्टर लोक शिकायला येतात. त्यांना फुकटातलं कसं द्यायचं?"

घ्या! मंडळी, मूडल पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली आणलं. परवाना जीपीएल, म्हणजे वापरा, उघडून बघा, बदला, पुढे द्या. त्यामागचा विचार असा, की माणसं एकमेकांशी बोलून, मिळून काही घडवून शिकतात. आता सांगा, याची जास्त गरज कुणाला? वीस वर्षं कारखाना चालवलेल्या माणसाला प्राध्यापकांच्या स्लाईड्सपेक्षा शेजारी बसलेल्या दुसऱ्या कारखानदाराने संप कसा मिटवला, हे ऐकण्यात रस असतो. (स्लाईड्सच चढवायच्या असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. पेन ड्राईव्हसुद्धा.)

आणि ही माणसं चर्चेत काय लिहितात? आपल्याच कंपनीच्या अडचणी. कोणता विभाग तोट्यात आहे, कोण सोडून चाललंय. हे सगळं कुणाच्या सर्व्हरवर साठतंय, याची चौकशी डायरेक्टर करत नाहीत. संस्थेने तरी करावी. मूडल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं. दुसऱ्याच्या ठेवलं आणि पटलं नाही, तर अख्खा अभ्यासक्रम एका फाईलमध्ये गुंडाळून दुसऱ्या मूडलवर उघडता येतो.

"पण मोठी कंपनी पाठीशी असली की निर्धास्त," असंही ऐकवतात. हार्वर्ड आणि एमआयटीने २०१२ साली काढलेलं एडेक्स २०२१ मध्ये टू-यू नावाच्या कंपनीने सुमारे ८० कोटी डॉलरना घेतलं. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे पाठीशी असणाऱ्याची पाठ किती मजबूत ते बघा! मजेची गोष्ट अशी, की एडेक्सचा कोड २०१३ सालीच मुक्त झाला होता. आपल्या आयआयटी मुंबईने त्यावरच स्वतःचं ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ उभं केलं. दुकान विकलं गेलं तरी कोड ज्याच्या हातात होता त्याच्याकडे राहिला.

आता दुसऱ्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही चार शब्द. मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे. सर्व्हर लागतो, रोजचा बॅकअप लागतो, नव्या आवृत्त्या वेळेवर चढवाव्या लागतात, नाहीतर सुरक्षेला भोकं पडतात. मुख्य म्हणजे ते समजणारा एक माणूस पगारावर ठेवावा लागतो. प्रवेशाचं काम बघणाऱ्या कारकुनाच्या गळ्यात हे घालणार असाल, तर त्या फंदात पडूच नका. पण माझं म्हणणं असं, की परवान्याच्या भाड्याऐवजी त्या माणसावर पैसे खर्च करा. तो तुमच्या प्राध्यापकांच्या गरजा ओळखेल, त्यांच्या शेजारी बसून शिकवेल.

आमच्या नातलगांच्या संस्थेचा करार लवकरच संपतोय. त्यांना एवढंच सांगितलंय, की सही करण्यापूर्वी विचारा: उद्या सोडून जायचं ठरलं, तर आमचे अभ्यासक्रम, चर्चा आणि गुण कोणत्या स्वरूपात परत द्याल, आणि किती दिवसांत? उत्तर मात्र लेखी घ्या.