नव्या युजरने कोणावर विश्वास ठेवायचा? हा प्रश्न ॲपलाही पडतो!

नवं अकाउंट उघडलं की ॲप लगेच विचारायला लागतं. काय आवडतं? कोणाला फॉलो करणार? कॉन्टॅक्ट लिस्ट देणार का? हा पाहुणचार नाही, ॲपची गरज आहे. नव्या युजरची आवड सांगणारा डेटाच त्याच्याकडे नसतो. या अडचणीला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात.

यावरचा सोपा उपाय म्हणजे जे लोकप्रिय तेच नव्यालाही दाखवणं. पण लोकप्रियता वाटते तितकी पक्की नसते. अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १४ हजारांहून अधिक लोकांसमोर ४८ अनोळखी गाणी ठेवली होती. लोकांचे वेगवेगळे गट होते. ज्या गटांमध्ये आधीच्यांच्या डाउनलोडचा आकडा दिसत होता, तिथे हिट गाणी आणखी हिट झाली. गंमत म्हणजे, कोणतं गाणं हिट होणार हे गटागणिक बदललं.

दुसरा मार्ग माणसांचा. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'एपिनियन्स' या साइटवर वस्तूंचे रिव्ह्यू लिहिता यायचे, शिवाय 'या रिव्ह्यू लिहिणाऱ्यावर माझा विश्वास आहे' असंही नोंदवता यायचं. इटलीतल्या पाओलो मास्सा आणि पाओलो अवेसानी यांनी हा डेटा तपासला. निम्म्याहून अधिक युजर्सचे पाच रिव्ह्यूही नव्हते. म्हणजे आवडी जुळवायच्या तरी कशावरून? मात्र अशा युजरने दोन-चार विश्वासातली माणसं सांगितली, की त्या माणसांचा ज्यांच्यावर विश्वास आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचून शिफारशी करता येत होत्या. मोबाइल घेताना आपण मामेभावाला विचारतो आणि तो त्याच्या मित्राला, तसंच हे.

गोची इथेच आहे. पहिला माणूस चुकीचा निवडला, तर त्याच्या मागोमाग त्याची सगळी साखळी येते. शेअर टिप्सच्या बनावट ग्रुपमध्ये नवख्याला असंच गाठतात. 'सर' टिप देतात, बाकीचे मेंबर नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात, आणि ते मेंबरही त्याच टोळीचे असतात.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आणलं. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का, हे तपासण्याच्या पद्धती त्यात आहेत. पण ते आलं तेव्हा पाळणं ऐच्छिक होतं. शिवाय ते रिव्ह्यूंपुरतंच आहे. नव्या युजरला 'यांना फॉलो करा' म्हणून आधी कोणाचं नाव दाखवायचं, हा विषय त्यात येत नाही.