सक्करदऱ्याहून ताहितीस
नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकाठी सायंकाळी जमणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींत या आठवड्यात प्रशांत महासागर अवतरला, आणि ज्यांचा जलविहार अंबाझरीपलीकडे कधी गेला नाही तेही पापीते, मूरिया, बोरा बोरा ही नावे उमरेड-भिवापूरच्या सहजतेने उच्चारू लागले. कारण एका स्नेह्याच्या चिरंजीवांनी आईवडिलांना दिवाळीनंतर ताहितीच्या बेटांची जहाजसफर घडविण्याचा मनसुबा जाहीर केला आहे. मनसुबा स्तुत्य, मुहूर्त मात्र साफ चुकीचा. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील त्या द्वीपसमूहात नोव्हेंबर ते एप्रिल हा पर्जन्यकाळ असून मे ते ऑक्टोबर हा कोरडा, आल्हाददायक ऋतू होय. म्हणजे ज्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांस भिडतो, त्याच महिन्यात तिकडे सुखद वारे वाहू लागतात, हा विधात्याने खास नागपूरकरांच्या नावे काढलेला हुकूमनामाच समजावा. जहाजही लहानच निवडावे; नाट्यगृहे आणि तरणतलाव पोटात घेऊन फिरणारे अजस्र जहाज एखाद्या बेटाच्या प्रवाळवेष्टित जलाशयात नांगर टाकते खरे, पण उतारूंना होड्यांतून धक्क्यावर पोहोचविता पोहोचविता सकाळची ऐन वेळ रांगेत खर्ची पडते. शिवाय ताहितीचे घड्याळ आपल्यामागे साडेपंधरा तास असल्यामुळे, जहाजावर चढण्यापूर्वी पापीतेत मुक्काम करून निद्रेची थकबाकी फेडणे अगत्याचे आहे. बेटे थोडी पाहावीत, पण पायी हिंडून पाहावीत. ज्याला केवळ जहाजावरील भोजनगृहाचीच सफर करावयाची असेल, त्याने व्हिसाची दगदग न करता नागपुरातल्याच एखाद्या सावजीकडे बैठक मारावी.