जास्तीची खोली आणि दारापुढचा कडुनिंब

गेल्या वर्षी चैत्रात आमचे एक जुने स्नेही दोन कागद घेऊन घरी आले. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात त्यांची भुसाराची पेढी आहे. मी शाखेत असताना त्यांचे कॅश क्रेडिट खाते माझ्या टेबलावर होते. निवृत्तीनंतर टेबल सुटले. पण मोठा व्यवहार करण्याआधी माझ्याकडे एक फेरी मारण्याची त्यांची सवय सुटली नाही.

दोन कागद म्हणजे दोन घरे. पहिले बिबवेवाडीच्या बाजूला, अकराव्या मजल्यावर, तीन शयनगृहांचे. चटई क्षेत्र 1,060 चौरस फूट, किंमत 1 कोटी 55 लाख. खाली रहदारीचा मोठा रस्ता, इमारतीभोवती फक्त वाहनतळ. दुसरे सहकारनगराकडच्या एका जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर, दोन शयनगृहांचे; 690 चौरस फूट, 1 कोटी 25 लाख. पण पुढे बाग, बागेत कडुनिंब आणि पारिजातक, आणि फाटकाबाहेर शेवट बंद असलेली शांत गल्ली. घरात माणसे पाच: स्नेही, वहिनी, मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू. स्नेह्यांचा कल अकराव्या मजल्याकडे होता. "साहेब, तीसच लाखांचा फरक आहे आणि 370 फूट जास्त मिळतात. भाव तर स्वस्तच पडला," असे ते म्हणाले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता. माझ्याही जुन्या सवयीला तो पटण्यासारखा होता. पतप्रस्ताव तपासताना आम्ही ताळेबंदातील नावलौकिकाची, म्हणजे गुडविलची, रक्कम सरळ वजा करीत असू. जे हाताला लागते तेवढेच तारणाला धरायचे. घराच्या बाबतीतही आपण तेच करतो. खोल्या फुटांत मोजता येतात म्हणून त्या जमेला धरतो. कडुनिंबाची सावली आणि गल्लीतली शांतता यांच्यावर काट मारतो. 2017 मध्ये महारेरा आल्यापासून चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक झाले आणि सुपर बिल्टअपचा जुना घोळ पुष्कळ आवरला, हे उत्तमच झाले. परंतु दाराबाहेर काय आहे, याचा रकाना अजून कोणत्याही कागदावर नाही.

मी पेन्सिल घेतली. तीस लाख जास्तीचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. हप्ता 26,035 रुपये. वर्षाचे तीन लाख बारा हजार. वीस वर्षांत एकूण परतफेड सुमारे साडेबासष्ट लाख. आता ती तिसरी खोली कशासाठी? "पाहुणे येतात." किती दिवस? स्नेह्यांनी बोटे मोजली. पर्युषण, दिवाळी, एखादे लग्न असे धरून पंचवीस दिवस. म्हणजे एका रात्रीला साडेबारा हजार रुपये. एवढ्यात पाहुण्यांना चांगल्या हॉटेलात ठेवून वर जेवणही घालता येईल! स्नेही हसले, पण कागद त्यांनी जवळ ओढून पुन्हा पाहिला.

मग मी दुसऱ्या बाजूचा उपयोग मोजू लागलो. चौविहार पाळणाऱ्या या घरात जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपतात. त्यानंतर उरलेल्या उजेडात जायचे कुठे? वहिनींचे गुडघे दुखतात. लिफ्टने अकरा मजले उतरून वाहनांच्या रांगांत त्या फिरणार नाहीत हे उघड होते. तळमजल्यावर त्या पायरीवर बसल्या तरी चार माणसे भेटतील. नातवाला गल्लीत सायकल चालवता येईल. वर्षाचे पंचवीस दिवस एकीकडे, जवळजवळ रोजचा तास-दोन तास दुसरीकडे. शिवाय जास्तीची खोली रिकामी राहत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. तिच्यात जुने पलंग, लग्नात मिळालेली भांडी, बंद पडलेला मिक्सर असा माल साचतो. दुकानात न हललेला माल दिसला की आपण बेचैन होतो. घरात त्याच मालाला आपण एक आख्खी खोली देतो.

आमच्या घरचे उदाहरण फार दूरचे नाही. 2006 मध्ये तळमजल्याचे दोन खोल्यांचे घर आणि त्यामागचे वीतभर परस विकून आम्ही चौथ्या मजल्यावर तीन शयनगृहे घेतली. दोन वर्षांत मुलगा बंगळूरला गेला. त्याच्या खोलीत आज व्यायामाचे यंत्र आहे आणि त्यावर कपडे वाळतात. सौ. अजूनही मागच्या दारातल्या मोगऱ्याची आठवण काढते. तरी प्रामाणिकपणे हेही लिहिले पाहिजे की, माझ्या आईच्या शेवटच्या आजारात तीच खोली सात महिने तिची आणि परिचारिकेची होती. ती नसती तर काय केले असते, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी मी स्नेह्यांच्या घरी हा सगळा हिशेब मांडला. वहिनींना तो आवडला. सूनबाई चहा ठेवून जाता जाता थांबल्या. त्या बी.कॉम. आहेत, पेढीची जीएसटीची विवरणपत्रे त्याच भरतात, जेवणाच्या टेबलावर, ताटे उचलल्यावर.

"काका, तुम्ही पाहुण्यांचे दिवस मोजलेत. माझे मोजले नाहीत," त्या म्हणाल्या. "अंगणात बसलं की येणारा-जाणारा दिसतो, हे खरं. पण मला दिवसातून एक तास कोणालाच दिसायचं नसतं. ते अंगणात कसं जमणार?"

मी निरुत्तर झालो. सदतीस वर्षांच्या नोकरीत इतके नेमके प्रश्न फार थोड्या लेखापरीक्षकांनी विचारले असतील. अंगण सर्वांचे असते, म्हणूनच ते सुखाचे. पण एकत्र कुटुंबात दार लावून घेता येणे ही चैन नव्हे. आणि बहुधा ती गरज ज्या व्यक्तीची असते, तिला घर पाहायला सर्वांत शेवटी नेतात.

तेव्हा आम्ही सगळे मिळून दोन्ही घरे पुन्हा पाहिली. या खेपेस संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला. सहकारनगराचा भाग म्हटल्यावर आंबिल ओढा आठवणे भाग होते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्या ओढ्याने अरण्येश्वर परिसरात घातलेला हाहाकार पुणेकर विसरलेले नाहीत. शेजाऱ्यांना विचारले, ही गल्ली उंचावर असल्याने पाणी आले नव्हते. विकास आराखड्यात गल्लीचे रुंदीकरण नाही, हे महापालिकेतून पाहून घेतले; आजची शांत गल्ली उद्याचा हमरस्ता होऊ शकते. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बागेच्या मालकीचा. विकणारा "आमची बाग" म्हणत होता; करारनाम्यात तिचा उल्लेख नव्हता. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पांचाली सोसायटीच्या खटल्यात खांबांखालची वाहनतळाची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा ठरते, असा निर्णय दिला. तोच विचार बागेला लावला, तर ती सर्व सभासदांची. स्नेह्यांना मी स्पष्ट सांगितले, बागेचे वेगळे पैसे देऊ नका. आणि पुनर्विकास झाला तर कडुनिंब राहीलच, असेही गृहीत धरू नका.

खोलीचा प्रश्न सुटला तो मागच्या बाजूला. स्वयंपाकघरापलीकडे आठ बाय सातची एक कोठी होती. तिला बागेकडे उघडणारी खिडकी होती. स्नेह्यांनी ती मनातल्या मनात पेढीच्या दप्तरासाठी राखून ठेवली होती. जुन्या घरात बावीस पोती वह्या होत्या, वडिलांच्या काळापासूनच्या. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपावे लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर अधिक काळ. त्यापलीकडचे कागद ठेवण्याची सक्ती नाही. हे मी समजावले, तरी निर्णयाला स्नेह्यांना दोन महिने लागले. वडिलांच्या हस्ताक्षरातल्या तीन लाल चोपड्या त्यांनी ठेवल्या, बाकीची पोती रद्दीत गेली. पोती उचलली जात असताना ते पेढीवर निघून गेले होते.

तळमजल्याचे घर घेतले. कोठीला आतून कडी बसवली, टेबल-खुर्ची ठेवली. पाहुणे आले की नातू हॉलमध्ये झोपतो.

परवा सायंकाळी मी सहज तिकडे गेलो. वहिनी पायरीवर बसून शेजारणीशी बोलत होत्या. नातवाची सायकल गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होती. मागच्या कोठीचे दार बंद होते. मी सूनबाईंची चौकशी केली, तसे स्नेह्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"आत्ता हाक मारू नका साहेब. आज वीस तारीख आहे."