भावाचा सूड घ्या, पण किंमत कोण मोजणार ते बघा

बायोवेअरच्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' (२००९) या गेममध्ये ड्वार्फ राजघराण्यातलं पात्र घेऊन खेळणाऱ्यांना दोन शब्द सांगायचे आहेत. कथा इथे उघड होणार आहे. गेम अजून खेळायचा असेल, तर आधी खेळून घ्या.

ओर्झामार या ड्वार्फ शहराच्या एंड्रिन एड्युकन राजाचं तुम्ही मधलं अपत्य. थोरला ट्रायन तोंडाचा फटकळ, धाकटा बेलेन गोडबोल्या. तुमच्या मानाच्या मेजवानीच्या दिवशीच बेलेन येऊन कानाशी लागतो, की ट्रायन तुमच्या जिवावर उठलाय, त्याला आधीच संपवा. इथे घाई करू नका. बेलेनच्या शब्दापलीकडे तुमच्या हातात पुरावा काय आहे? ट्रायनचं बोलणं लागतं म्हणून तो खुनी ठरत नाही. आणि गंमत अशी की तुम्ही हो म्हणा वा नाही, ट्रायन मरतो, आळ तुमच्यावर येतो आणि तुमची रवानगी डीप रोड्सच्या भुयारी रस्त्यांत होते. बेलेनचा डाव दोन्हीकडून पक्का असतो. मग निदान तुमचं पात्र कसं आहे, हे तरी त्या उत्तरातून ठरू द्या.

खरी कसोटी पुढे आहे. ब्लाइट या राक्षसी आक्रमणाशी लढणारे ग्रे वॉर्डन होऊन तुम्ही परत येता तेव्हा वडील गेलेले असतात आणि गादीसाठी बेलेन विरुद्ध हॅरोमाँट असा तंटा पेटलेला असतो. निवाडा तुमच्या हाती येतो. बहुतेकांचा हात आपसूक हॅरोमाँटकडे जातो. स्वाभाविकच आहे. तो सभ्य आहे, वडिलांच्या विश्वासातला आहे आणि बेलेनने तुम्हाला देशोधडीला लावलंय.

माझं सांगणं एवढंच : राग पात्राचा आहे, तर तो पात्राला खुशाल धरू द्या, पण त्या रागाची किंमत कोण देणार हे बघून मुकुट द्या. शहराच्या कडेला डस्ट टाउन आहे. तिथल्या जातीबाहेरच्या लोकांच्या चेहऱ्यावर जन्मतःच डाग गोंदलेला असतो. हॅरोमाँट राजा झाला की ओर्झामारचे दरवाजे बाहेरच्या जगाला बंद होत जातात आणि जातींचे निर्बंध आणखी आवळले जातात. बेलेन आला तर पहिल्याच झटक्यात हॅरोमाँटचं मुंडकं उडवतो, पुढे सरदारांची सभाही मोडीत काढून एकहाती राज्य करतो. पण वरच्या जगाशी व्यापार वाढवणारा आणि डस्ट टाउनच्या लोकांना शस्त्र अन् थोडी मोकळीक देणाराही तोच. विशेष म्हणजे ब्लाइटविरुद्ध फौज दोघंही देतात. त्यामुळे 'नाइलाज होता' ही सबब इथे चालत नाही.

म्हणून शहरात पाऊल टाकण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. तुमच्या पात्रासाठी 'घराणं' म्हणजे काय? वडिलांचा शब्द असेल, तर हॅरोमाँट. एड्युकन रक्त गादीवर राहावं असं असेल, तर भाऊ कितीही नीच असला तरी बेलेन. आणि ट्रायनचा न्याय असेल, तर बेलेनला सभेतच तलवारीने उत्तर द्या, कारण हॅरोमाँटचं नाव पुकारलं की बेलेन शस्त्र उपसतोच. तिन्ही उत्तरं खरी आहेत. खोटं आहे ते एकच : शेवटी काय होतं हे आधी वाचायचं, त्यावरून राजा निवडायचा आणि वर पात्राच्या तोंडी निष्ठेची भाषा घालायची.

बेलेनला गादी दिली म्हणजे त्याला माफ केलं, असंही नाही. त्याच्या तोंडावर त्याचं पाप मोजा, मग मुकुट द्या. आणि हॅरोमाँटला दिलात, तर डस्ट टाउनचं काय झालं याची जबाबदारी बेलेनवर ढकलू नका. ती तुमची.