मोरीतला वाळा

गेल्या श्रावणात एका सकाळी न्हाणीघरातून आमच्या मावशींची किंकाळी ऐकू आली. धावत गेलो, तो मोरीच्या कडेला वीतभराहून लहान, काळपट असे काहीतरी वळवळत होते.

"गांडूळ आहे हो," मी म्हणालो.

"जीभ काढतंय ते! गांडुळाला कुठली जीभ?" मावशींच्या हाती खराटा आला होता.

मावशींचे निरीक्षण बिनचूक. तो वाळा होता. साप खरा, पण निव्वळ निरुपद्रवी. गांडुळाचे अंग ओलसर, याचे कोरडे, तुकतुकीत आणि खवल्यांचे. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन काळे ठिपके. उजेड कुठे, अंधार कुठे, एवढेच त्यांना कळायचे. तोंड इतके बारीक, की मनात आणले तरी माणसाला चावता यायचे नाही. हातात धरलात तर शेपटीचे टोक टोचील, पण त्यात विष नाही. तरी हा झोपेत कानात शिरतो, अशी समजूत आहेच, आणि तिच्यापायी बिचारे चेचले जातात.

याचे खाणे मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या आणि खुद्द वाळवी. वाळवीचे डोके त्याला पचत नाही. म्हणून तो पुष्कळदा तिला तोंडात धरून जमिनीवर घासतो, डोके तोडतो आणि उरलेली गिळतो. जपानी संशोधकांनी हे २०१५ साली प्रसिद्ध केले. चौकटींना औषधे मारण्यावर पैसे ओतायचे आणि वाळ्यावर मात्र खराटा उगारायचा, असा आपला कारभार!

आणखी गंमत पुढेच आहे. या जातीत नरच नाहीत. माद्या आपल्या आपण अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असल्याचे १९८७ साली दाखवले गेले. वऱ्हाड नको, नवरदेव नको. कुंडीतल्या मातीतून एकटी कुठे पोचली तरी वंश सुरू. असा कुंड्यांतून प्रवास करीत हा साप आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेपर्यंत गेला. १८०३ साली पॅरिसच्या दोदँ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले, ते मात्र आपल्या विशाखापट्टणच्या नमुन्यावरून.

म्हणजे आमच्या मोरीतला 'तो' ही 'ती'च. करवंटीत घेऊन मी तिला जास्वंदीच्या कुंडीत सोडले आणि ही सारी हकीकत मावशींना सांगितली. तेव्हापासून त्या कानांत कापसाचे बोळे घालून निजतात.

"एकटीलाच पोरं होतात म्हणालास ना? मग आता ती एकटी कशी राहील?"