‘अनइन्स्टॉल’ दाबण्याआधी

दिवाळीत गाझियाबादला, इंदिरापुरमला ताईकडे होतो. भाच्याने आदल्याच दिवशी जवळच्या एका दुकानातून पीसीत नवी एसएसडी बसवून आणली होती. घरी येऊन स्टीम उघडलं, तर लायब्ररीतली सगळी नावं करडी. दुकानदाराला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, स्टीम उडवा आणि नव्याने टाका. “मामा, उडवू का?” असं विचारत पोरगा माउसवर बोट ठेवून बसला होता.

डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं. नव्या एसएसडीने ‘डी’ अक्षर घेतलं होतं आणि गेमची जुनी डिस्क ‘ई’ झाली होती. स्टीम बंद करून अक्षरं जागच्या जागी लावली, पुन्हा सुरू केलं आणि करडी नावं पांढरी झाली. पाच मिनिटं लागली.

दुकानदार मित्रहो, तो सल्ला आपल्यातलेही बरेच जण देतात, म्हणून हे लिहितो आहे. लाँचर म्हणजे गेम नव्हे. स्टीमचे गेम ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरात असतात, प्रत्येकाची नोंद ‘ॲपमॅनिफेस्ट’ फाइलीत असते (काउंटर-स्ट्राइक 2ची 730 क्रमांकाची), आणि लायब्ररी कुठल्या ड्राइव्हवर आहेत ते ‘लायब्ररीफोल्डर्स’ नावाच्या फाइलीत. यातलं काहीही हललं की ‘इन्स्टॉल’चं बटण दिसतं, गेम मात्र डिस्कवर तसाच असतो. मॅनिफेस्ट हरवली असेल तर त्याच लायब्ररीत इन्स्टॉल दाबा. असलेल्या फाइली तपासून स्टीम उरलेल्याच उतरवतं. उलट विंडोजमधून स्टीम काढलं, तर त्याच्या फोल्डरातले गेमही सोबत जातात. 100 जीबीचा गेम 50 एमबीपीएसच्या लाइनवर पुन्हा उतरवायला साडेचार तास, तेही मध्ये लाइट गेली नाही तर.

लाइट अपडेट चालू असताना गेली असेल, तर फाइलींची पडताळणी करा. बिघडलेल्या तेवढ्याच नव्याने येतात. मॉड टाकलेले असतील तर तेही पुसले जाऊ शकतात, गिऱ्हाइकाला आधी विचारा. आणि दर पडताळणीत पुन्हा पुन्हा फाइली बिघडलेल्या निघत असतील, तर लाँचरचा नाद सोडून डिस्क आणि रॅम तपासा.

विंडोज 7 आणि 8 वर 1 जानेवारी 2024 पासून स्टीमचा आधार नाही. तिथे दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकच गेम दोन ऑनलाइन दुकानांत मिळतो, याचाही घोळ होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ स्टीमवर आहे, एपिकवरही. कुठे घेतला ते विसरलेल्या गिऱ्हाइकाला प्लेनाइट लावून द्या, सगळी खाती एका यादीत दिसतात. ती यादीच आहे. गेम ज्याच्या त्याच्या लाँचरकडेच राहतात.

खरी जोखीम सेव्हची. गेम पुन्हा उतरवता येतो, खेळलेलं उतरवता येत नाही. प्रत्येक गेमला क्लाउड नसतो. सेव्ह कधी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, कधी ‘ॲपडेटा’त, कधी स्टीमच्या ‘युजरडेटा’त असते. क्लाउडची प्रत ठेवायची की पीसीवरची, असा प्रश्न लाँचरने विचारला, तर उत्तर देण्याआधी पीसीवरची प्रत बाजूला काढा. भाच्याची सगळी सेव्ह एका जुन्या पेनड्राइव्हवर मावली. जॉबकार्डावर एक ओळ वाढवून घ्या: ‘सेव्हची प्रत घेतली’, आणि तिच्यासमोर गिऱ्हाइकाची सही.